भिंत बघून दिलेली चित्रं

त्यांच्याकडून चित्र विकत घ्यायचं तर आधी भिंत दाखवावी लागे. गिऱ्हाईक चित्र पसंत करायचं, किंमतही कबूल करायचं, आणि मग हे विचारायचे, "लावणार कुठं?"

"हॉलमध्ये."

"आन् हॉल कुठं हाय?"

"म्हणजे? घरात!"

"मग रविवारी येतो की बघायला. चहा ठेवा. साखर कमी."

लोकांना वाटायचं, गंमत चालली आहे. पण रविवारी दुपारी ते खरंच दारात उभे असायचे. हातात काही नाही, चित्रसुद्धा नाही. घरात शिरल्यावर माणसांकडे फारसं न बघता ते थेट त्या भिंतीसमोर जाऊन बसायचे. खुर्ची मिळाली तर खुर्चीवर, नाहीतर फरशीवर मांडी घालून. चांगला अर्धा तास. ऊन कुठून येतं, समोर कोण बसतं, दार उघडलं की भिंत झाकली जाते का, हे सगळं बघायचे. उठताना भिंतीला हाताची पालथी बाजू लावायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग निकाल सांगायचे. "दिलं," किंवा "न्हाय द्यायचं."

कोल्हापुरात राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत ते राहायचे आणि तिथंच चित्रं काढायचे. काळी शाई आणि एखादाच रंग. दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढून घेत, रवंथ करत उभ्या राहिलेल्या म्हशी, चपलेची वेणी विणणाऱ्या बायका, स्टँडवर पिशवीला टेकून पेंगणारी माणसं. नोकरी त्यांनी कधी केली नाही, प्रदर्शन भरवलं नाही, कुठल्या दुकानात चित्र ठेवलं नाही. गल्लीत त्यांना सगळे 'आर्टिस्ट' म्हणत. मी काका म्हणायची. ते मात्र मला नावानं हाक मारत नसत. मी हुपरीची, म्हणून माझं नाव हुपरी. "ए हुपरी, फोनला शाईचा हात लावू नकोस, तुझ्या बानं घेऊन दिलाय."

मी त्यांच्याकडे गेले ती झेरॉक्सच्या दुकानात चिकटवलेला कागद वाचून. 'इन्स्टाग्राम येणारी व्यक्ती पाहिजे. चित्रातलं कळत नसलं तरी चालेल.' मी तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई आणि वडील दोघंही घरीच पैंजण करायचे, आणि मुलीनं शिकावं म्हणून आईनं माझ्या हाताला चांदीचं काम कधी लावू दिलं नव्हतं.

"चित्र काढतीस?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"बघतीस तरी?"

"न्हाय काका. येळच मिळत न्हाय."

"खरं बोलतीस. ऱ्हा."

मी त्यांच्या चित्रांचे फोटो काढून टाकू लागले. लोकांना म्हशी आवडल्या. मी आनंदानं फोन घेऊन त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी विचारलं, "हे लोक बसून बघत्यात का हुभं ऱ्हाऊन?"

"असंच काका. बोटानं वर सरकवत सरकवत."

"म्हंजे चालता चालता. असूंदे. दूध कट्ट्यावर बी निम्मी गर्दी तसलीच असतीया."

लांबून विचारणा यायला लागली तेव्हा अडचण झाली. पुण्याची, बेंगळूरची, अमेरिकेची भिंत बघायची कशी? व्हिडिओ कॉलवर भिंत बघायची कल्पना माझी. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि एका अटीवर मान्य केलं. "एसटीनं जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येतंय, तितं मी सोता जाणार. फोन त्याच्या पल्याडच्यांसाठी." मग ते फोनवरूनच माणसांना घरभर फिरवायचे. अमेरिकेतल्या एका भिंतीला त्यांनी टकटक करून दाखवायला सांगितलं. आवाज पोकळ आला. ते मला हळूच म्हणाले, "पुठ्ठ्याची हाय की गं ही! एवढी शिकलेली माणसं, आन् खिळा कशात मारत असत्याल?" तरी चित्र दिलं. का, तर त्या भिंतीसमोर एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती आणि कॉल संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

एका बिल्डरनं मात्र एकदम सहा चित्रं मागितली होती. काका नव्या इमारतीत गेले. सोफा, पडदे, टेबलावर प्लास्टिकची फळं. अर्धा तास बसून त्यांनी विचारलं, "हितं ऱ्हातंय कोण?"

"कोणी नाही. सॅम्पल फ्लॅट आहे हा."

"मग माझं चित्र बघणार कोण? ती सफरचंदं?"

मी पदवीधर झाले तेव्हा ते म्हणाले, "तुला एक चित्र द्यायचं हाय. भिंत दाखव." रविवारी ते हुपरीला आले. मी स्टँडवर आणायला गेले होते आणि घरी सांगायचं राहून गेलं होतं. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला वयस्क माणूस माझ्याबरोबर घरात येऊन भिंती न्याहाळू लागला, तशी आईनं मला आत ओढलं. "मुलाकडचं हायत व्हय गं? आधी सांगायचं न्हाईस? पोहं तरी टाकलं असतं!" बाहेर शेजारची दोन माणसं येऊन बसली. वडील हात जोडून म्हणाले, "पावणं, घर लहान हाय, पण पोरगी गुणाची हाय."

"पोरगी मला म्हाईत हाय," काका म्हणाले. "मी भिंतीसाठनं आलोय."

सगळा प्रकार कळल्यावर आईला इतकं हसू आलं की तिनं पदर तोंडात धरला. वडिलांनी दाखवलेली देवाजवळची चांगली भिंत काकांनी नाकारली. त्यांनी काम करायच्या जागेसमोरची, धुरानं काळवंडलेली भिंत निवडली.

"तितं धूर लागंल की ओ," वडील म्हणाले.

"लागंना. दिवसभर तुम्ही मान खाली घालून बसताय. मान वर केल्यावर कायतरी दिसाय पायजे का नको?"

ते चित्र आज तिथंच आहे. कडेनं पिवळं पडलं आहे. आई काम थांबवून कधीकधी त्याच्याकडे बघत बसते.

त्यांना एक मुलगी आहे, हे मला पहिलं वर्षभर माहीत नव्हतं. खालच्या क्लासमधल्या सरांनी एकदा ते विनोद म्हणून सांगितलं. "तुझ्या आर्टिस्टनं पोरीचं लग्न कशावरनं मोडायला काढलं म्हाईत हाय? भिंतीला ओल हाय म्हणून!"

झालं होतं ते असं. मुलीनं निपाणीचा मुलगा स्वतः पसंत केला होता. मुलगा चांगला, माणसं चांगली. काका घर बघायला गेले, आणि सगळी मंडळी समोर बसलेली असताना हे भिंतीकडे तोंड करून बसले. अर्ध्या तासानं उठून भिंतीला हात लावला आणि भर बैठकीत म्हणाले, "ओल हाय. मी पोरगी देणार न्हाय." कारण विचारलं तर पुन्हा तेच. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आप्पा, मी काय चित्र हाय व्हय, भिंत बघून द्यायला?" तिनं नोंदणी करून लग्न केलं. ते गेले नाहीत. तिनंही पुन्हा बोलावलं नाही.

कोल्हापूरची माणसं बोलायला फटकळ. रस्त्यात धक्का लागला तर सात पिढ्यांची विचारपूस करतील. पण या दोघांना एवढी एक गोष्ट एकमेकांशी बोलता आली नाही.

मी ही गोष्ट ऐकली त्याला काही महिने झाले असतील. एका दुपारी मला इन्स्टाग्रामवर निरोप आला, मग फोन आला. पलीकडून बाईचा आवाज. "मी तुमच्या आर्टिस्टची मुलगी. मला आप्पांचं एक चित्र पायजे. पण माझ्यासाठी हाय हे त्यांना सांगायचं न्हाय. बेंगळूरची भिंत हाय म्हणून सांगा, म्हंजे ते फोनवर बघतील. फोन माझी शेजारीण धरंल. एवढं कराल? शपथ हाय तुम्हाला."

मी हो म्हटलं. काकांशी बोललेलं माझं ते पहिलं खोटं.

ठरल्याप्रमाणे शेजारणीनं भिंत दाखवली. काका नेहमीसारखे स्टुलावर बसले होते. "जरा वर घ्या. उजव्या कोपऱ्यात. अजून. थांबा तितंच." मग ते त्या कोपऱ्याकडे बघतच राहिले. शेवटी शेजारीणच म्हणाली, "हॅलो? दिसालंय का ओ?"

"दिसालंय. दिलं चित्र."

त्यांनी भिंत वाजवून दाखवायला सांगितली नाही. फोन ठेवून दिला आणि पेनाचं निब पुसत बसले.

"कुठली भिंत म्हणालीस?"

"बेंगळूरची, काका."

"एसटीनं दीड तासात पोचतंय असलं बेंगळूर कधीपासनं झालं गं?"

मी फोन उलटा करून ठेवला.

"त्या भिंतीपुढं मी अर्धा तास बसलोय, हुपरी. मी भिंत इसरत न्हाय. कोपऱ्यात तवा हातभर ओल हुती. ती काढून घेतलीया त्यांनी. गिलावा नवा हाय. बरं केलं."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी त्या बैठकीत सांगायला हवं होतं. त्यांची बायको छातीच्या दुखण्यानं गेली होती. जुन्या भाड्याच्या खोलीत तिची खाट ज्या भिंतीला लागून होती, त्या भिंतीला बारा महिने ओल असायची. हे रोज तिथं बसून चित्रं काढत आणि भिंतीकडे पाठ करून बसत. "डॉक्टर म्हणाला, ओलीनंच झालं असं न्हाय. पण माझी पाठ हुती की गं तिकडं. मी कवा वळून हात लावून बघितला न्हाय." तेव्हा मुलगी आठवीत होती.

"हे ताईंना का सांगितलं न्हाईसा?"

"चारचौघात काय सांगायचं? तुझी आई अशी गेली म्हणून? लगीन ठरवाय गेलतो तितं?" त्यांनी निब परत पेनात बसवलं. "आन् आता तू बी तिला काय सांगू नकोस. बापाला फसवलं म्हणून हसत असंल तितं. हसू दे."

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "आप्पांना कळलं न्हाय न्हवं?"

"न्हाय ताई," मी म्हटलं. मग त्यांनीच सांगितलं, की त्या सगळा वेळ दाराआड उभ्या होत्या. "आवाज बारीक झालाय गं त्यांचा," म्हणाल्या.

त्यानंतर दीड-दोन वर्षांत आणखी तीन वेळा त्या घरातून चित्राची मागणी आली. दर वेळी नवी भिंत. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरातली होती. काकांनी शेजारणीला विचारलं, "शेगडी किती लांब हाय? फोडणी टाकली की शितोडं उडत्यात." ओट्याची उंची विचारली. खिडकी उघडून दाखवायला लावली. नंतर मला म्हणाले, "हवा येतीया. हुभं ऱ्हायला जागा बी बरी हाय." चित्राबद्दल एक अक्षर नाही. ते मुलीचं घर एकेक भिंतीनं बघत होते.

तिसऱ्यांदा शेजारीण आतल्या खोलीत गेली आणि आधीच ओशाळून म्हणाली, "हितं खाली पोरानं रेघोट्या ओढल्यात. रंग देणारच हाय आता."

"रंग देऊ नका!" काका एवढ्यानं ओरडले की खालच्या क्लासमध्ये शांतता झाली. "फोन खाली घ्या. आणखी खाली."

गुडघ्याएवढ्या उंचीवर निळ्या खडूचे मोठे मोठे गोल होते, एकात एक अडकलेले. काकांनी चष्मा काढून फोन डोळ्यांजवळ नेला.

"कितव्या वर्साचा हात हाय हा?"

शेजारणीनं कुणालातरी हळूच विचारलेलं मला ऐकू आलं. "तीन हुतील आता."

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"कोपरातनं काढतीया. मनगटातनं न्हाय. बघा, रेघ कुठं अडखळल्याली न्हाय. लई बेस्ट." त्यांनी चष्मा परत घातला. "कुणी शिकवाय जाऊ नका म्हणावं तिला. आन् माझं चित्र ह्या गोलांच्या शेजारी लावा. वर न्हाय. तिच्या हाताला लागंल असं."

"फाडंल की ओ ती!"

"फाडू दे. दुसरं देतो."

हा माणूस चित्रावर कुणाची सावली पडली तरी खेकसायचा. ते चित्र करायला त्यांनी पंधरा दिवस घेतले. म्हशीच चितारल्या, पण सगळ्या बसलेल्या, कागदाच्या तळाशी, लहान मुलाच्या डोळ्यासमोर येतील अशा. पाठवायच्या आधी मी म्हटलं, "काका, पार्सल कशाला? एसटीनं जाऊया की आपण दोघं. तुमचाच नियम हाय."

"तिनं बोलवल्याबिगर?"

ताईही फोनवर हेच म्हणायच्या. "त्यांनी एकदा यावं. मी कुठं दार लावून घेतलंय?" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण शपथ होती. मी पार्सलला दोरी बांधली.

पुढं मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी पाया पडले, तर म्हणाले, "पुण्यात खोली घेतलीस की आधी भिंतीला हात लावून बघ." मी घेतलेल्या खोलीचा व्हिडिओ त्यांनी दोनदा बघितला आणि मला पलंग खिडकीकडे सरकवायला लावला. चौथं चित्र त्यांनी माझ्याशिवाय पाठवलं, पार्सलवर पत्ता क्लासच्या सरांकडून लिहून घेतला. भिंत मी पुण्यातून फोन जोडून दाखवली होती. तेव्हा मी मनाशी ठरवलं, दिवाळीला सुट्टी मिळाली की निपाणीला जायचं, ताईंना सगळं सांगायचं आणि येताना त्यांना बरोबर घेऊन यायचं. शपथ मोडायची तर समोर बसून मोडावी, फोनवर नको, असं मला वाटलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी क्लासच्या सरांचा फोन आला. काका उठले नव्हते.

मी पोचले तोवर सगळं झालं होतं. तिसऱ्या दिवशी ताई आणि मी त्यांची खोली आवरत होतो. मी त्यांना प्रथमच बघत होते. हनुवटी अगदी काकांची. शाईच्या बाटल्या, निबांचे डबे, न विकलेली चित्रं त्या एकेक करून बाजूला ठेवत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "माझ्या घरात त्यांची चार चित्रं हायत. आन् त्यांना पत्ता बी न्हाय. नात हाय हे बी ठाऊक न्हाय. असंच गेले."

मी हातातली चित्रं खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. बेंगळूरचं ऐकून त्या हसल्या, आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसल्या. मग त्यांनी मला एकेक भिंत पुन्हा सांगायला लावली, दाराआडून स्वतः ऐकलेलंसुद्धा. काय म्हणाले? मग काय म्हणाले? कोपरातनं म्हणाले? ओरडले? नक्की कुठला शब्द म्हणाले? त्यांच्या आईच्या खाटेचं सांगताना मला थांबावं लागलं. त्या म्हणाल्या, "सांग. थांबू नको." मी सांगितलं.

खाली क्लासमध्ये मुलं पाढे म्हणावेत तशी कसली तरी सूत्रं घोकत होती.

"म्हंजे आमच्या दोघांचं बी सगळं तुला ठाऊक हुतं."

"व्हय ताई. तुम्ही शपथ घातली हुती. आन् काका बी म्हणाले, सांगू नको."

"मी म्हटलं हुतं. त्यांनी बी म्हटलं असंल." त्या रागावल्या नव्हत्या. जेवलीस का, असं विचारावं तशा हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पण तू ऐकलंस कशाला गं?"

शाळेत, घरात, कॉलेजात मला लहानपणापासून एकच शाबासकी मिळत आली होती. पोरगी सांगितलेलं ऐकते.